बेसवर कोण होतं?

ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लागते, इंजिन बंद होतं, पण मी लगेच उतरत नाही. रेडिओवर कुणाचा तरी सॅक्सोफोन शेवटच्या फेरीत असतो. तो संपतो, झांजेची किणकिण विरते आणि निवेदक बोलू लागतो. ते बोलणं ऐकायचं म्हणूनच मी थांबलेली असते. त्याला घाई नसते. आधी सॅक्सोफोनवाल्याचं नाव, मग पियानोवर कोण, डबल बेसवर कोण, ड्रम्सवर कोण. मग साल, पुष्कळदा तारीखही. मग ध्वनिमुद्रण झालं ते गाव. चार-पाच माणसं साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुठल्याशा खोलीत दुपारभर बसून वाजवत होती, आणि त्यांची हजेरी आज सकाळी न्यू जर्सीतल्या एका पार्किंगमध्ये घेतली जाते. हजेरी झाली की मी पर्स उचलते.

स्टेशनचं नाव डब्ल्यूबीजीओ. न्यूअर्कहून चालतं, एफएमवर ८८.३. बहुतेक वेळ जॅझ, अधूनमधून ब्लूज आणि बातम्या. अमेरिकेत एफएमचा खालचा कोपरा, ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ, बिनव्यापारी स्टेशनांसाठी राखून ठेवलेला आहे. कॉलेजांची स्टेशनं, चर्चवाले, सार्वजनिक रेडिओ, सगळे त्या कोपऱ्यात दाटीवाटीने राहतात. बोगद्यातून किंवा टेकडीआडून गाडी गेली की जॅझवर शेजारच्या स्टेशनवरचं प्रवचन चढतं. दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात, आणि कधी कधी ते तितकंसं वाईटही लागत नाही.

आई डोंबिवलीहून राहायला आली की माझ्याबरोबर गाडीतून हिंडते. पर्स मांडीवर, खिडकीची काच दोन बोटं खाली. जॅझ तिला आवडतो असं नाही. ‘ह्यांचं सुरू कधी झालं आणि संपलं कधी, काही पत्ताच लागत नाही,’ हा तिचा ठाम अभिप्राय. पण वाजवून झाल्यावरची नावांची यादी तिने बरोबर पकडली.

‘एवढी नावं कशाला गं सांगतो? लक्षात कोण ठेवणार?’

‘कुणी नाही. पण सांगतात.’

पुढच्या सिग्नलपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, ‘आपल्याकडेही सांगायचे की. तबल्यावर साथ अमुक, सारंगीवर तमुक. तुझ्या आजोबांना गाणं चालू असताना बोललेलं चालायचं. नावं सांगताना बोललेलं नाही चालायचं.’

आजोबांचं हे मला ठाऊक नव्हतं, पण आकाशवाणीचं ठाऊक होतं. सकाळच्या शास्त्रीय संगीताच्या सभेत गायकाचं नाव, राग, ताल, आणि मग साथीदार. निवेदिकेचा आवाज गायकाच्या नावाला जेवढा जपायचा तेवढाच तबलजीच्या. ही सभ्यता मला लहानपणी रेडिओने शिकवली असावी. म्हणून ती इथे परदेशात पुन्हा कानावर आली तेव्हा संगीत अनोळखी असूनही घर ओळखीचं वाटलं.

जॅझला ह्या यादीची गरज जरा जास्तच आहे. कोलमन हॉकिन्स ह्या सॅक्सोफोनवाल्याने १९३९च्या ऑक्टोबरमध्ये ‘बॉडी अँड सोल’ ध्वनिमुद्रित केलं. गाणं मूळ जॉनी ग्रीनच्या चालीचं, १९३० सालचं. हॉकिन्सने ती चाल सुरुवातीला दाखवली न दाखवली, आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ तिच्याखालच्या स्वरसंगतीवर तो आपलं स्वतःचं काही रचत गेला. तीन मिनिटांचा तो विस्तार सॅक्सोफोन शिकणारी पोरं अजूनही जसाच्या तसा घोटतात. आता गंमत पाहा. अशी एखादी तबकडी अमेरिकेत रेडिओवर लागली की कायद्याने पैसे जातात ते गाणं रचणाऱ्यांना आणि त्यांच्या प्रकाशकांना. वाजवणाऱ्याला काही नाही. हॉकिन्सच्या नावावर नाही, मागे पियानो वाजवणाऱ्याच्या नावावर तर नाहीच. इंटरनेटवरून तेच स्टेशन ऐकलं तर वादकांच्या वाट्याला थोडंफार येतं, हवेतून ऐकलं तर नाही. हा उफराटा न्याय बदलावा म्हणून इथल्या संसदेत विधेयकं येतात आणि पडून राहतात. तोवर एफएमवर बेस वाजवणाऱ्याला मिळतं ते एवढंच: निवेदकाच्या तोंडून आपलं नाव.

काही नावांवर तर निवेदक विशेष जीव टाकतात. माइल्स डेव्हिसची १९५९ सालची ‘काइंड ऑफ ब्लू’ जॅझ न ऐकणाऱ्यांच्याही घरात सापडते. तिच्यात पियानोवर बिल एव्हान्स आहे. पण एका तुकड्यात, ‘फ्रेडी फ्रीलोडर’मध्ये, पियानोवर बसलाय विंटन केली. हे सांगितल्याशिवाय जॅझचा निवेदक पुढे जात नाही. सगळा अल्बम एव्हान्सच्या नावाने ओळखला जात असताना त्या साडेनऊ मिनिटांवर केलीचा हक्क आहे, तो त्याचा त्याला मिळालाच पाहिजे. ड्रम्सवरचा जिमी कॉब त्या सगळ्यांतला शेवटचा. बाकीचे एकेक करून गेले आणि तो २०२०च्या मे महिन्यापर्यंत होता. तो गेला त्या आठवड्यात त्याचं नाव यादीत नेहमीच्याच जागी, शेवटी आलं. ड्रम्सवाल्याचं नाव शेवटीच येतं.

गावांची नावं हा माझा आणखी एक छंद. हॅकेनसॅक म्हणजे आमच्या इथल्या मंडळींना मोठं हॉस्पिटल. निवेदक म्हणतो, ‘जॉन कोल्ट्रेन, १५ सप्टेंबर १९५७, हॅकेनसॅक, न्यू जर्सी,’ तेव्हा तो बोलत असतो एका बैठ्या घराच्या दिवाणखान्याबद्दल. रूडी व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ ध्वनिमुद्रित करायचा. आतल्या खोलीत यंत्रं, बाहेरच्या खोलीत कोल्ट्रेन. मला नेहमी वाटतं, त्याच्या आईला काय वाटत असेल? दुपारी जरा पडायचं म्हटलं तर बाहेर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन. १९५९मध्ये त्याने जवळच एंगलवूड क्लिफ्सला उंच लाकडी छताचा स्टुडिओ बांधला. १९६४च्या डिसेंबरात कोल्ट्रेनने ‘अ लव्ह सुप्रीम’ तिथे केलं. आम्ही वीकेंडला ज्या रस्त्यांनी भाजी आणायला नाहीतर कुणाच्या डोहाळजेवणाला जातो, त्या रस्त्यांवर हे होऊन गेलं. ते मला रेडिओने सांगितलं. आधीची बरीच वर्षं मी तिथूनच जात होते आणि कुणी काही बोललं नव्हतं.

न्यूअर्कचं नाव आमच्याकडे विमानतळामुळे घेतात. खुद्द शहरात जायचं म्हटलं की लोक गाडीच्या काचा वर करतात. १९६७च्या जुलैमध्ये तिथे पाच दिवस दंगल पेटली, २६ माणसं गेली, आणि पुढे कितीतरी वर्षं जो सोडून जाऊ शकत होता तो शहर सोडून गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉशिंग्टनमध्ये सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला, ज्यातून पुढे अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओला केंद्राचा पैसा मिळू लागला. ह्या दोन गोष्टींची गाठ १९७९मध्ये पडली. डब्ल्यूबीजीओची परवानगी मुळात न्यूअर्कच्या शिक्षण मंडळाकडे होती, ते शाळांसाठीचं स्टेशन. शहरातल्या काही मंडळींनी ते हाती घेतलं, न्यूअर्क पब्लिक रेडिओ अशी संस्था केली आणि जॅझ लावायला लागले. सुरुवातीच्या त्या चमूत डोर्थान कर्क होत्या. त्यांचा नवरा राहसान रोलंड कर्क, दृष्टिहीन, एका वेळी तीन-तीन वाद्यं तोंडात धरून वाजवणारा अचाट माणूस, १९७७च्या डिसेंबरात गेला होता. बाईंनी स्टेशनचं काम धरलं ते अनेक दशकं. २०२० साली देशाचा जॅझमधला सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला. एकही वाद्य न वाजवता.

ह्या स्टेशनला वर्ष-दीड वर्ष होतं न होतं तोच, १९८०च्या सप्टेंबरात, न्यू यॉर्कमधलं डब्ल्यूआरव्हीआर हे व्यापारी जॅझ स्टेशन एका दिवसात कंट्री म्युझिकचं झालं. एवढं मोठं शहर, एवढे क्लब, आणि जॅझला रेडिओवर जागा उरली ती नदीपलीकडच्या पडक्या समजल्या जाणाऱ्या गावातली, आणि कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या स्टेशनवरची.

त्या विद्यार्थ्यांच्या स्टेशनबद्दल, डब्ल्यूकेसीआरबद्दल, जरा बोलल्याशिवाय मला राहवत नाही. फिल शाप नावाचा विद्यार्थी १९७०मध्ये तिथे आला आणि शिक्षण संपलं तरी घरी गेलाच नाही. १९८१पासून त्याचा ‘बर्ड फ्लाइट’ हा कार्यक्रम सुरू झाला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ वीसला, आणि विषय रोज एकच: चार्ली पार्कर. पार्कर जगला चौतीस वर्षं. शाप त्याच्याबद्दल चाळीस वर्षं बोलला, २०२१मध्ये स्वतः जाईपर्यंत. एखादं तीन मिनिटांचं गाणं लावायचं आणि मग अर्धा तास सांगायचं की त्या दिवशी स्टुडिओत कोण उशिरा आला, कुणाऐवजी कोण बसला, कुठल्या प्रयत्नात कोण चुकला, तबकडीवरचा नंबर काय सांगतो. लोक वैतागायचे. ‘अरे बाबा, गाणं लाव!’ पण बंद करत नसत. मीही वैतागले आहे. पण इतक्या तपशिलाने एखाद्या माणसाची आठवण ठेवणं ही मला भक्ती वाटते, आणि भक्तीत थोडा कंटाळा असायचाच. लेस्टर यंगचा वाढदिवस २७ ऑगस्ट, पार्करचा २९. ह्या दोघांसाठी हे स्टेशन सलग तीन दिवस दुसरं काही लावत नाही. २०२५मध्ये २७ ऑगस्टलाच गणेश चतुर्थी आली. स्वयंपाकघरात उकडीचे मोदक वळताना लेस्टर यंगचा तो मऊ, आळसावलेला सॅक्सोफोन चालू होता, आणि बाप्पाची त्याला काही हरकत दिसली नाही.

वर्गणीही दोघांना लागते, बाप्पालाही आणि रेडिओलाही. ह्या स्टेशनांच्या वर्षातून काही ठराविक मोहिमा असतात. तेव्हा निवेदक गाणी थांबवून पैसे मागतो, आणि मागताना त्याचा आवाज थेट आमच्या सोसायटीच्या मंडळातल्या पोरांचा होतो. तीच अजिजी, तोच लाडीगोडीतला दम. ‘यंदा किती लिहू, काकू?’ आता ह्या तासात कुणी शंभर दिले तर आणखी शंभर देणारा एक दाता तयार आहे. महिना दहा दिलेत तर कॉफीचा मग, जास्त दिलेत तर पिशवी. पावतीपुस्तक सोडलं तर काही फरक नाही. वर्गणी न देणाऱ्याच्याही घरात लाउडस्पीकर ऐकू येतो, तसा हा रेडिओही. बहुतेक ऐकणारे कधीच काही देत नाहीत, आणि त्यांना कुणी बंद करू शकत नाही. मला हे व्यवहार म्हणून अजब वाटतं आणि म्हणूनच आवडतं. माझ्याकडे ह्यांचे मग आहेत. एकात मी पेन ठेवते, एकात कोथिंबीर.

पण वर्गणीने सगळं भागत नाही, आणि नेमक्या ह्या मोहिमांनीच जॅझचा घातही केलाय. स्टेशनांच्या लक्षात आलं की बातम्या आणि चर्चा चालू असताना फोन जास्त वाजतो. जॅझ ऐकणारा माणूस वयाने मोठा, संख्येने थोडा. मग हळूहळू जॅझ रात्री गेला, मग शनिवार-रविवारी, मग नाहीसा झाला. बॉस्टनमध्ये एरिक जॅक्सन वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी जॅझ ऐकवायचे, २०१२मध्ये त्यांच्या वाट्याला वीकेंड उरला. पिट्सबर्गमधल्या एका विद्यापीठाने २०११ साली आपलं स्टेशन विकलं, बातम्या आल्या, जॅझ जवळजवळ हद्दपार झाला. वॉशिंग्टनमधल्या एका विद्यापीठाने तर १९९७मध्येच आपलं जॅझ स्टेशन १ कोटी ३० लाख डॉलरना विकलं. घेणारे होते संसदेचं कामकाज दाखवणारी वाहिनी चालवणारे. ड्यूक एलिंग्टन ज्या शहरात जन्मला तिथे त्या लहरीवर आता खासदारांची भाषणं ऐकू येऊ लागली. विद्यापीठांना ह्यात फार दोष देता येत नाही. तिजोरी रिकामी असते आणि छपरावर उभा असलेला अँटेना कोट्यवधींचा असतो. तरी वर्गणी मी देते.

उलटं घडल्याचं एक उदाहरण आहे. टकोमातल्या पॅसिफिक लुथरन विद्यापीठाने २०१५च्या नोव्हेंबरात केपीएलयू हे आपलं बातम्या-जॅझचं स्टेशन सिॲटलच्या दुसऱ्या सार्वजनिक स्टेशनच्या हवाली करायचं जाहीर केलं. श्रोते भडकले. शेवटी असं ठरलं की जूनअखेर ७० लाख डॉलर जमवलेत तर तुम्हीच घ्या. मे महिन्यातच जमले. लोकांनी स्टेशन विकत घेतलं, नाव बदलून केएनकेएक्स ठेवलं, आणि जॅझ चालू राहिला. सगळीकडे हे जमणार नाही. सिॲटलकडे पैसा आहे.

२०२५च्या जुलैमध्ये अमेरिकन संसदेने सार्वजनिक प्रसारणासाठी आधी मंजूर केलेले दोन वर्षांचे मिळून ११० कोटी डॉलर परत घेतले. १९६७च्या कायद्यातून उभी राहिलेली, हा पैसा वाटणारी संस्था ऑगस्टमध्ये आपला कारभार गुंडाळायला लागली. सगळ्यांनी बातम्यांच्या स्टेशनांची काळजी केली, आणि ती बरोबरच होती. पण हीच संस्था देशभरच्या सार्वजनिक स्टेशनांसाठी गाण्यांच्या हक्काचे करार एकगठ्ठा करायची आणि ते पैसेही भरायची. बातम्या देणाऱ्याला गाण्याचे हक्क थोडे लागतात. दिवसरात्र संगीत लावणाऱ्याचं ते किराणा सामान. ही गोष्ट मला त्या महिन्यांत फारशी कुठे वाचायला मिळाली नाही. निवेदकांनी ती हवेत सांगितली, नेहमीच्या शांत आवाजात, दोन गाण्यांच्या मध्ये.

अशा वेळी मला बाळकृष्ण विश्वनाथ केसकर आठवतात. नेहरूंच्या मंत्रिमंडळातला हा मराठी माणूस १९५२पासून दहा वर्षं आकाशवाणीचा मंत्री होता. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटायची, ती त्यांनी आकाशवाणीवरून जवळपास घालवली आणि शास्त्रीय संगीताला पुढे आणलं. संगीताचा रात्रीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२चाच. लोकांनी काय केलं? रेडिओची कळ फिरवून सिलोन लावलं आणि अमीन सायानींना घरचं माणूस केलं. शेवटी १९५७च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. केसकरांची थट्टा करणं सोपं आहे आणि मीही ती केली आहे. पण आजोबा ज्यांची नावं कान देऊन ऐकायचे ते तबलजी केसकरांच्या हट्टामुळेच घराघरात पोचले, हेही खरं. सरकारी पैसा म्हणजे सरकारची आवड, श्रोत्यांचा पैसा म्हणजे बहुमताची आवड. दोन्हींत थोडक्यांच्या संगीताचं मरण आहे. ते टिकतं ते मधल्या फटीत, एखादी डोर्थान कर्क किंवा एखादा फिल शाप खुर्ची सोडत नाही म्हणून.

त्याच पन्नाशीच्या दशकात मुंबईतले काही शौकीन रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लावायचे. विलिस कोनोव्हर १९५५पासून तिथे जॅझ ऐकवत होता, परदेशी श्रोत्यांना कळावं म्हणून सावकाश, शब्द सुटे सुटे करून. मॉस्को, वॉर्सा, मुंबई, सगळीकडे त्याची ओळख. अमेरिकेत मात्र कुणाला पत्ता नाही, कारण ती सरकारी प्रसारणं देशातल्या लोकांना ऐकवायला कायद्याने मनाई होती. सरकारने जॅझसाठी पैसे दिले ते असे. तोही नावं सांगायचा.

मुंबईचे शौकीन म्हणताना मुंबईचे वाजवणारे राहिले. १९३५च्या सुमारास लिऑन ॲबीसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ वादक ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. त्यांच्याकडून ही विद्या उचलली गोव्याच्या पोरांनी. चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकून ती तयार झालेली होतीच. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत चिक चॉकलेट झाला, लोक त्याला हिंदुस्तानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. मग स्वातंत्र्य आलं, पाठोपाठ मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, हॉटेलांतले बँड आटले, आणि ही माणसं सिनेमाच्या स्टुडिओंत गेली. सी. रामचंद्रांच्या १९५१च्या ‘अलबेला’त ट्रम्पेट ऐकताना जीव हरखतो ना, ते हे लोक. चिक चॉकलेट त्यात आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो.

दिसतो, पण नाव कुठे आहे? विविध भारतीवर गाणं लागायच्या आधी चित्रपटाचं नाव, गायिकेचं, गीतकाराचं, संगीतकाराचं. मग फर्माईश करणाऱ्यांची यादी: झुमरी तलैयाहून अमुक, तमुक आणि त्यांचे सगळे कुटुंबीय. झुमरी तलैया मला आजही नकाशावर दाखवता येणार नाही, पण नाव पाठ आहे. ट्रम्पेट कुणी वाजवला ते सांगायला मात्र वेळ नसे. जी आकाशवाणी सकाळी सारंगीवाल्याचं नाव आदराने घ्यायची, तीच दुपारी सॅक्सोफोनवाल्याला ओळख दाखवत नसे. एकच नाव त्यातून सुटलं, तेही वेष पालटून. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक, संगीतकार प्यारेलालचे गुरू. शिष्याने १९७७मध्ये ‘अमर अकबर अँथनी’च्या एका गाण्यात त्यांचं नाव गुंफलं. भारतभर लग्नाच्या वरातीत ते नाव गाऊन लोक नाचले, आणि सगळ्यांना वाटलं की ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं आहे. खरे गोन्साल्विस २०१२ साली गेले.

आईला हे गाडीत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग तेव्हा कुणी विचारलं का नाही?’

पुस्तकांनी विचारलं. ग्रेगरी बूथ ह्या अभ्यासकाने ह्या वादकांना भेटून मोठा ग्रंथ लिहिला, नरेश फर्नांडिसांनी मुंबईच्या जॅझची कहाणी लिहिली. पण पुस्तक वाचणारे किती, आणि पुस्तक वाजत नाही. गाणं संपल्या संपल्या, कानात ते अजून ताजं असताना, ‘ट्रम्पेटवर होते’ असं म्हणून नाव घेणं रेडिओच करू शकतो. फोनवरचं ॲप हे करत नाही. त्याला पुढचं गाणं सुरू करायची घाई असते.

म्हणून एक मागणी, आणि ती अमेरिकेकडे नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राने आठवड्यातून अर्धा तास काढावा. जुनी हिंदी-मराठी गाणी लावावीत, आपण रोज ऐकतो तीच. गाणं संपलं की सांगावं: ट्रम्पेटवर हे, सॅक्सोफोनवर हे, अकॉर्डियनवर हे, व्हायोलिनच्या ताफ्यात पहिल्या रांगेत हे, गाव अमुक, ध्वनिमुद्रण अमुक स्टुडिओत. ज्याचं नाव सापडत नसेल तिथे श्रोत्यांना विचारावं. वांद्र्यात, म्हापशात, मडगावात कुणाच्या तरी घरी जुन्या हजेरीच्या डायऱ्या, फोटो असतीलच. त्या सत्रांना बसलेले काही वादक अजून आहेत. ते ऐंशी-नव्वदीत आहेत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.